सरकारी दाढ, खासगी दाढ

११ जून १९६३

आज सकाळी इस्पितळात पोचले तर माझ्या खोलीत एक माणूस तोंडाभोवती मफलर गुंडाळून बसलेला. जूनमध्ये मफलर. मारोतीने मला दारातच अडवलं. मारोती माझ्या खोलीचा अटेंडंट. अवजारं उकळणं, रांग लावणं आणि पेशंटचं डोकं धरणं, ही तिन्ही खाती त्याच्याकडे. हळूच म्हणाला, "दातवाले सदाशिवराव हायेत. कोणाले सांगू नका म्हणते."

यवतमाळात दाताचे शिकलेले डॉक्टर आम्ही दोघंच. सरकारी इस्पितळात मी, आणि बाजाराच्या रस्त्यावर डॉ. सदाशिवराव. त्यांची खुर्ची मुंबईहून आलेली, पायाने दाबली की वर जाते. माझी लाकडी, इस्पितळाच्या सुताराने डोकं टेकायला मागे फळी ठोकून दिली आहे. पण दाताच्या डॉक्टरला साऱ्या गावाच्या दाढा काढता येतात, स्वतःची तेवढी काढता येत नाही. म्हणून मुंबईच्या खुर्चीचा मालक आज माझ्या फळीला डोकं टेकून बसला.

इतका घाबरलेला पेशंट मी वर्षभरात पाहिला नाही. मी नुसता आरसा उचलला तरी डोळे मिटून घेत. "दुखणार नाही," असं मी म्हणताच म्हणाले, "ते सांगू नका, डॉक्टर. मीही रोज तेच सांगतो."

दाढ निघाली. मग बाहेरची रांग पाहून त्यांनी विचारलं, रोज एवढे असतात का. म्हटलं, सोमवारी याच्या दुप्पट. दात भरता किती? एकही नाही, भरायचं सामान नाही, बसवायचं तर नाहीच. सरकार फक्त काढतं. मग त्यांनी पगार विचारला आणि ऐकून तोंडात कापूस असताना हसले. लगेच गाल धरला.

जाताना म्हणाले, हात हलका आहे तुमचा. ते मला माहीत होतं, तरी ऐकायला बरं वाटलं.

१६ जून

सदाशिवराव आंब्याची पिशवी घेऊन पाटीपुऱ्यातल्या आमच्या खोलीवर आले. आईने चहा दिला, तो त्यांनी घेतला. आईने ते नीट पाहून ठेवलं.

त्यांचं म्हणणं असं. त्यांच्याकडे बायका येतात, पदर तोंडावर धरून बसतात, आणि पुरुषासमोर तोंड कसं उघडायचं म्हणून तशाच घरी जातात. मी त्यांच्या दवाखान्यात बसावं. सरकार देतं त्याच्या जवळजवळ दुप्पट पगार, दुपारी जेवायला आणि पडायला वेळ, गरम पाण्याचा नळ. नळाचं ऐकून माझं मन तिथेच गेलं.

बाबा नेरहून आले होते. ते तिथल्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधतात. मी किती वेळा म्हटलं आता सोडा, ते सोडत नाहीत. त्यांनी सगळं ऐकलं. सदाशिवराव गेल्यावर म्हणाले, "सरकारी कुर्सी कोणाच्या बापाची नसते, बाई. दुकानात मालक असते."

मी त्यांना समजावलं की आता जमाना बदलला, खासगी धंद्यातही मान आहे, आणि व्यवहार पाहिला पाहिजे. ते मुकाट्याने आंबा खात होते. त्यांना पटलं असावं.

२४ जून

घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरून रुपीबाई आली होती. चार दात उरलेले, चारही हलणारे. दुखण्याने तिला सुचत नव्हतं. काढले. तिने चूळ भरली, बोटाने हिरड्या चाचपल्या आणि विचारलं, "नवे कधी लावते?"

इथे नवे लावत नाहीत म्हटल्यावर तिला वाटलं मी मस्करी करते. मारोतीकडे पाहून हसली. तो हसला नाही, तेव्हा तिचंही हसणं गेलं.

"काढाले सरकार, अन् बसवाले कोण? मी भाकर कायनं खाऊ?"

मी म्हटलं, बघते. हा डॉक्टरांचा मोठा उपयोगी शब्द आहे. पेशंट उठतो आणि पुढचा बसतो.

अशा जागी माणसाने का राहावं? मी व्यवहारी बाई आहे. सदाशिवरावांना हो कळवणार.

३० जून

राजीनामा दिला. जागा तात्पुरतीच होती, महिन्याच्या नोटिशीवर सुटका. सिव्हिल सर्जन साहेब म्हणाले, छान, आणि पुढच्या कागदावर सही करू लागले. मला वाटलं होतं थोडं तरी थांबवतील. अर्थात थांबवलं असतं तरी मी थांबले नसतेच.

४ ऑगस्ट

नळाला खरंच गरम पाणी येतं. खुर्ची पायाने वर जाते. पहिल्या दिवशी मी ती कोणी नसताना तीनदा वर-खाली केली. सदाशिवरावांनी पाहिलं, पण खिडकीबाहेर बघत राहिले. माणूस भला आहे.

बायका येऊ लागल्या. दिवसाला आठ-दहा पेशंट. सावकाश बसतात, आपल्या दाताबरोबर सुनेचंही सांगतात. दात भरायला मिळतात. कॉलेज सोडल्यापासून मी पहिल्यांदाच एक दात वाचवला.

फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजतं. एक बाई आली, तिला काहीच झालं नव्हतं. मी सांगितलं, कडुलिंबाच्या काडीऐवजी ब्रश घ्या आणि घरी जा. ती आनंदाने गेली. सदाशिवराव मला म्हणाले, डॉक्टर, पेशंटला काही नाही झालं हे खरं असलं, तरी इतक्या लवकर सांगायचं नसतं.

९ सप्टेंबर

नवी पाटी लागली. 'येथे स्त्रियांसाठी लेडी डेंटिस्टची सोय आहे.' वर हसऱ्या दातांचं चित्र, खाली सदाशिवरावांचं नाव आणि पदवी. माझं नाव नाही. विचारलं तर म्हणाले, जागा पुरली नाही. चित्रातले दात एकेक वीतभर आहेत.

संध्याकाळी त्यांनाच राहवलं नाही. खुर्ची पुसत पुसत म्हणाले, "लोक जुने आहेत हो. नुसतं सत्यशीला चाललं असतं. पण सत्यशीला मुनेश्वर वाचलं की... सहा महिने जाऊ द्या."

वाक्य संपायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. आडनावातल्या जातीपाशी येऊन थांबणारी ही वाक्यं ऐकून ऐकून पाठ असतात. मुंबईला कॉलेजात असते तर भांडले असते. आज भांडले नाही. पगार परवाच हातात पडला होता, आणि आईसाठी घेतलेलं लुगडं घरी खुंटीवर होतं.

बाबांना पाटीचं सांगणार नाही. ते काही बोलणार नाहीत, आणि तेच मला नको आहे.

१७ ऑक्टोबर

आई नागपूरहून, दीक्षाभूमीवरून परत आली. सोबत पाटीपुऱ्यातल्या सगळ्यांसाठी संत्री आणि घसा बसलेला.

दुपारी दवाखान्यात रुपीबाई. दारात उभी राहून आत डोकावत होती. इस्पितळात गेली, तिथे माझी खोली बंद; मग बाजारात एकेकाला 'सरकारी दातवाली बाई कुठी गेली' विचारत इथवर आली. गाल आत गेलेले, अंगावरचं मांसही. म्हणाली, चार महिने कण्या आणि ताक.

कवळीची किंमत सदाशिवरावांनी सांगितली. ती जायला वळली. मी म्हटलं, सामानाचे पैसे माझ्या पगारातून कापा, कवळी मी जेवणाच्या सुटीत करीन. सदाशिवराव म्हणाले, प्रश्न एका कवळीचा नाही, तत्त्वाचा आहे. आज एकीला दिली तर उद्या सगळा तांडा दारात येईल.

मी माप घ्यायला लागले. ते त्यांचं तत्त्व घेऊन आत जाऊन झोपले.

१२ नोव्हेंबर

रुपीबाईची कवळी बसली. आरसा दिला तर कितीतरी वेळ सोडेना. मग माझ्या गालाला हात लावून "याडी" म्हणाली. त्यांच्या बोलीत आई. ती माझ्या आईच्या वयाची आहे.

पगार घेताना पाहिलं, सदाशिवरावांनी सामानाचे अर्धेच पैसे कापले. विचारलं तर म्हणाले, हिशेब चुकला असेल. त्यांचा हिशेब कधी चुकत नाही.

येताना मारोती भेटला. इस्पितळात दाताची नवी खुर्ची आली म्हणे, मी मागितलेली, पायाने वर जाणारी. माझ्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मग खुर्चीचं काय चाललंय? मारोती गंभीरपणे म्हणाला, रविवारी साहेब तिच्यात बसून केस कापून घेतात.

मी खूप हसले. घरी आल्यावर मात्र भाजीत मीठ जास्त म्हणून आईवर चिडले. मीठ बरोबर होतं. थंडी सुरू झाली की माझं असं होतं.

३ डिसेंबर

हल्ली दवाखान्यातून येताना मी इस्पितळाच्या रस्त्याने येते. थोडं लांब पडतं, पण त्या रस्त्याला सावली आहे.

आई म्हणाली, "संध्याकाळच्या सात वाजता कायची सावली व?"

आईला दिशा कळत नाहीत.

२१ जानेवारी १९६४

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

सदाशिवरावांच्या सगळ्यात मोठ्या पेशंट म्हणजे नेरच्या देशमुखीणबाई. जिनिंग त्यांच्याच घरचं, जिथे बाबा गाठी बांधतात. लहानपणी मी त्यांना लांबून पाहिलं होतं. मागच्या महिन्यात त्या एक दात भरून गेल्या, तेव्हा सदाशिवराव सबंध वेळ माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभे होते. मला हातसुद्धा धड हलवता आला नाही. आज त्या दाढ काढायला आल्या. बाहेर चारपाच बायका बसलेल्या.

मी इंजेक्शन भरत होते तोच बाहेर मोठा आवाज आला. तांड्याचा नाईक हिरासिंग, त्याच्यामागे बोळकी तोंडं घेऊन सातआठ म्हातारे-म्हाताऱ्या. कापूस विकला गेला होता, पैसे रोख होते, आणि सगळ्यांना रुपीसारखे दात पाहिजे होते. हिरासिंगच्या हातात रुपीबाईची इस्पितळातली जुनी चिठ्ठी होती. ती वाचून त्याने खणखणीत विचारलं, "डॉक्टर सत्यशीला मुनेश्वर इथंच बसते ना?"

सदाशिवरावांचा चेहरा मी पहिल्यांदा मफलरमध्ये पाहिला होता तसा झाला. ते देशमुखीणबाईंना काहीतरी सांगू लागले, माणसं कमी मिळतात, मुंबईची पदवी आहे, वगैरे. बाई खुर्चीत मागे रेलल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मले दाढ काढाची हाये. सोयरीक नाई कराची."

मग माझ्याकडे पाहून, "तू आमच्या बाबारावची पोरगी. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. हात हलका हाये तुहा. काढ."

बाहेरच्या बायका पदरात हसल्या. त्यांनाही माहीत होतं म्हणे, कोणाला दिवाळीपासून, कोणाला गणपतीपासून. एवढे महिने सदाशिवराव जे झाकत होते ते गावात फक्त सदाशिवरावांनाच झाकलेलं वाटत होतं. मीही हसले. सात कवळ्यांची मापं घेतली, आणि सदाशिवराव तत्त्व विसरून रोख पैसे मोजत बसले.

जेवताना मात्र बाईंचं वाक्य पुन्हा आठवलं. दाढ काढायची आहे, सोयरीक नाही. एका वाक्यात त्या बाईने मला खुर्चीजवळ उभंही केलं आणि उंबऱ्याबाहेरही. हसताना मला निम्मंच ऐकू आलं होतं.

२८ जानेवारी

पाटीवर नाव आलं. दातांच्या खाली, बारीक अक्षरात. सदाशिवरावांनी स्वतः रस्त्यापलीकडे नेऊन दाखवलं. मला वाटलं होतं त्या दिवशी मी पेढे वाटीन. नाही वाटले. दुपारी एक दात भरला, एकीला घरी पाठवलं.

१३ फेब्रुवारी

आईला शेजारणीकडून कळलं की मारोती चार दिवसांपासून वॉर्डात पडून आहे. दुपारच्या सुटीत गेले.

खालची दाढ सडून पू जबड्याखाली उतरला होता. हनुवटीपासून गळ्यापर्यंत सूज, तोंड दोन बोटंही उघडेना, थुंकी गिळता येत नव्हती. पेनिसिलीन चालू होतं. साहेबांनी नागपूरला न्यायला लिहिलं होतं, पण गाडी दौऱ्यावर गेलेली.

मी मारोतीला रागावून विचारलं, माझ्याकडे का नाही आलास. त्याला बोलता येईना. त्याची बायको म्हणाली, "तिकडं पैसे लागते म्हने. अन् बाईले फुकट कराले लावनं बरं नाई, असं म्हनत होते."

मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, तुम्ही आता आमच्या आस्थापनेवर नाही, मला तुम्हाला परवानगी देता येत नाही. मग खिडकीकडे पाहत म्हणाले, "मी आता राउंडला चाललोय. तासभर त्या खोलीकडे येणार नाही."

खोलीची किल्ली मारोतीच्या उशाखालीच होती. नवी खुर्ची. डोकं टेकायच्या खाचेत केस अडकलेले, ते झाडले. साऱ्या जिल्ह्याची डोकी धरणाऱ्या माणसाचं डोकं धरायला आज कोणी नव्हतं. त्याच्या बायकोने धरलं. जबड्याखाली चीर दिली. पू निघाला तसा त्याने पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. मग हळूहळू तोंड उघडलं, दाढ काढली. हात धुतले. नळाला पाणी गारच होतं.

दवाखान्यात परतायला उशीर झाला. सदाशिवरावांनी माझ्या पेशंट स्वतः पाहिल्या होत्या. कुठे होता, एवढंही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

मारोती उठून बसला. पहिलं वाक्य काय बोलावं? "बाई, त्या दिवशी चिमटा नीट उकळला नव्हता तुम्ही."

साहेब सहज बोलल्यासारखं म्हणाले, जागा अजून रिकामीच आहे, यवतमाळला यायला कोणी तयार नाही. मी म्हटलं, मला काय त्याचं. अर्जाची मुदत कधीपर्यंत आहे ते मात्र विचारून घेतलं, कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.

१ मार्च

इस्पितळात पुन्हा अर्ज करावा म्हणते, असं सदाशिवरावांना सांगितलं. ते आधी रागावले, आणि मग त्यांनी जे देऊ केलं त्याची मला कल्पना नव्हती. भागीदारी. पाटीवर दोघांची नावं एकाच मापात, मिळकत निम्मी-निम्मी. म्हणाले, मला मूल नाही, आणि मी आता थकलोय. पाटीचं त्या वेळी चुकलं माझं.

मी म्हटलं, बघते. घरी येऊन बाबांना सांगितलं. वाटलं, आता म्हणतील, मी तेव्हाच सांगितलं होतं. पण ते म्हणाले, "भागीदारी मोठी गोष्ट हाये, सत्या. आता तं तूच मालक. आमच्यासाठी म्हनून सरकारात जाऊ नको. आमचं सारं पावलं."

म्हणजे अडवणारं कोणीच उरलं नाही. मला चांगलाच राग आला.

थोड्या वेळाने मी म्हटलं, सरकारीतच जाते. पेन्शनचा विचार केला पाहिजे.

सत्तावीस वर्षांची पोरगी पेन्शनचं बोलते म्हणून असेल, बाबा हसले. आई स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिचंही हसू ऐकू आलं. या घरात व्यवहाराचं कोणाला कळत नाही.

६ एप्रिल

आज सोमवार. नव्याने रुजू होऊन आठवडा झाला. पगार पुन्हा पहिल्या पायरीपासून. व्हरांडा भरलेला. बसवायचं सामान अजून नाहीच. ज्यांना कवळी पाहिजे त्यांना मी चिठ्ठी देऊन सदाशिवरावांकडे पाठवते. ते दर वेळी 'पुन्हा पाठवू नका' असा निरोप देतात आणि सामानाच्या किमतीत बसवून देतात.

दहाच्या सुमाराला मारोती आत येऊन कानाशी म्हणाला, "नेरच्या देशमुखीणबाई आल्या. पहिले घेऊ काय?"

खरं लिहायचं तर मी थांबले. बाबा उद्या सकाळी त्यांच्याच जिनिंगमध्ये कामावर जाणार होते. मग म्हटलं, "चिठ्ठी दे. नंबराने."

दारातून पाहिलं. बाकावर एकच जागा होती, तांड्यावरच्या रामीबाईच्या शेजारी, आणि तीही गाठोड्याने अडवलेली. देशमुखीणबाई खांबाला टेकून उभ्या राहिल्या. दोन पेशंट झाले, तीन झाले. चौथ्याच्या वेळी पाहिलं तर रामीबाईने गाठोडं मांडीवर घेतलं होतं आणि बाई लुगडं सावरून बसल्या होत्या. नंतर दोघींचा आवाज येऊ लागला. बाई सांगत होत्या, मिठाच्या पाण्याने चूळ भर. रामीबाई सांगत होती, मिठानं काय होते, तुरटी पायजे. बराच वेळ वाद चालला. कोण जिंकलं ते कळलं नाही.

बाईंचा नंबर आला तेव्हा बारा वाजत आले होते. खुर्चीत बसल्या, तोंड उघडलं, आणि मी आरसा आत घालणार तोच पुन्हा मिटलं.

"डॉक्टरीणबाई, तुमच्याइथं लई वेळ लागते."

मी म्हटलं, हो, लागतो.

त्यांनी जरा विचार केला. "मंग पुढच्या खेपेले मी सकाळीच येऊन नंबर लावीन," असं म्हणाल्या, आणि तोंड उघडलं.